शिधापुस्तकाचे दिवस

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस बोलावयास सांगितलें, तेव्हां विषयही तिनेंच नेमून दिला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या विलायतेंत आपलें बालपण कसें गेलें आणि आज तेथें काय दिसतें, तें सांगावें, अशी तिची इच्छा. विषय सोपा वाटला म्हणून आम्हीं तत्काळ होकार दिला. लिहावयास बसल्यावर मात्र कळलें कीं, ऐंशी वर्षें ओलांडलेल्या माणसास आपलें बालपण साखरेंत घोळूनच आठवतें. मग त्या बालपणांत साखर आठवड्याला पावशेरच कां मिळत असेना. तेव्हां आज जें सांगूं त्यांतली साखर श्रोत्यांनीं आपल्या हिशेबानें कमी करून घ्यावी.

आमचे वडील वसईचे. ते बोटीवर स्टुअर्ड होते. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत ते लंडनच्या पूर्व भागांतील पॉपलर येथें उतरले व गोदी कामगारांच्या खानावळींत स्वयंपाकी म्हणून राहिले. १९४६ सालच्या शरद ऋतूंत आमची आई आम्हां दोघां भावंडांस घेऊन टिलबरीच्या धक्क्यावर उतरली. आमचें वय पांच, धाकट्या बहिणीचें तीन. वेस्ट इंडिया गोद्यांच्या पाठीशीं वसलेली ती कामकऱ्यांची वस्ती. चाळीला चाळ चिकटावी तशीं ओळीनें बांधलेलीं विटांचीं घरें, आणि ओळीच्या मधोमध कोठें दोन घरांएवढी, कोठें दहा घरांएवढी मोकळी जागा. तेथें बॉंब पडले होते. पावसाळ्यांत आपल्या माळावर तेरडा फुलावा तशीं त्या विटांच्या ढिगाऱ्यांवर उन्हाळ्यांत जांभळ्या फुलांचीं उंच झुडपें माजत, आणि तेंच आम्हां मुलांचें क्रीडांगण होतें. तेथें पूर्वी कोण राहत होतें हें आम्हीं कधीं विचारिलें नाहीं.

आमच्या वांट्याला माडीवरच्या दोन खोल्या आल्या. शौचकूप मागील अंगणांत. स्नान शनिवारीं, पत्र्याच्या टबांत, शेगडीसमोर, एकाच पाण्यांत एकामागून एक. १९५१ च्या खानेसुमारींत ब्रिटनमधील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कुटुंबांच्या घरीं न्हाणीघर नव्हतें असें आढळलें. त्यामुळें आपण दरिद्री आहों हें आम्हांस ठाऊकच नव्हतें.

शाळेंतील आमची प्रतिष्ठा एका केळ्यानें वाढली, तें सांगितलेंच पाहिजे. १९४० च्या अखेरीस विलायतेंत केळीं येणें बंद पडलें होतें. युद्धानंतरचें केळ्यांचें पहिलें जहाज ३० डिसेंबर १९४५ रोजीं एव्हनमथ बंदराला लागलें. त्यानंतरही केळीं क्वचितच मिळत, आणि मिळालीं तर तीं मुलांसाठीं राखलेलीं असत. आमच्या वर्गांतील पुष्कळ मुलांनीं हें फळ चित्रांतच पाहिलेलें. एके दिवशीं शिक्षिकाबाई एक केळें घेऊन आल्या व हें काय म्हणून विचारूं लागल्या. आम्ही पडलों वसईचे, सुकेळ्यांच्या गांवचे. इंग्रजी दहा शब्दांपलीकडे येत नव्हतें, म्हणून "हें तर केळें!" असें मराठींतच ओरडलों. बाईंनीं आम्हांस पुढें बोलावून तें सोलावयास लाविलें, आणि चाळीस मुलें एखादा जादूगार पाहावा तशीं आमच्या बोटांकडे पाहत राहिलीं. केळ्याच्या चकत्या सर्वांना वांटल्या. प्रत्येकाला नखाएवढी मिळाली.

रेशनच्या पुस्तकाचें आईला नवल नव्हतें. मुंबईंत १९४३ सालींच रेशन सुरू झालें होतें. नवल वाटलें तें पावाचें. युद्ध चालू असतां विलायतेंत पावावर कधीं रेशन आलें नाहीं. तें आलें युद्ध जिंकल्यावर, २१ जुलै १९४६ रोजीं, आणि राहिलें २४ जुलै १९४८ पर्यंत. कारण जगांत धान्याचा तुटवडा होता, आणि पराभूत जर्मनीच्या इंग्रजांच्या ताब्यांतील भागासही पोसावयाचें होतें. मोठ्या माणसांचें पुस्तक पिवळट रंगाचें, पांच ते सोळा वर्षांच्या मुलांचें निळें, आणि पांचांखालील मुलांचें हिरवें. बहिणीच्या हिरव्या पुस्तकावर संत्र्याचा रस मिळे, म्हणून आम्ही तिचा हेवा करीत असूं. रसाच्या जोडीला कॉड माशाच्या यकृताचें तेलही मिळे. तें पाजण्याच्या वेळीं हेवा थांबे.

मासळीवर रेशन नव्हतें, मात्र तिच्यासाठीं रांग लांब. सरकारनें दक्षिण आफ्रिकेहून ‘स्नूक’ नांवाची डबाबंद मासळी आणविली होती व ती खाण्याविषयीं मोठा प्रचार चालविला होता. बोंबलांवर वाढलेल्या आमच्या आईनें एकच डबा उघडला आणि तो गल्लींतल्या मांजरास दिला. शुक्रवारीं आम्ही कॅथलिक मंडळी मांस वर्ज्य करीत असूं. पण आठवड्याच्या इतर दिवशींही मांस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेंच मिळे, तेव्हां या व्रताचें पुण्य नक्की किती, असा प्रश्न वडील दर शुक्रवारीं विचारीत. आईला त्या परक्या मुलुखांत प्रथम धीर आला तो मात्र देवळांतच. शेजारणी आयरिश, भाषा परकी, परंतु मिस्सा लॅटिन. ती वसईंत जशी होती तशीच, शब्दाला शब्द.

१९४७ चा हिंवाळा आम्हां वसईकरांचा पहिला हिंवाळा. जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडूं लागलें तें मार्चाच्या मध्यापर्यंत हटलें नाहीं. खाणींतला कोळसा रेल्वेंत अडकला, वीजघरें थांबूं लागलीं, आणि फेब्रुवारींत घरगुती वीज दिवसांतून पांच तास बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. आई आम्हां दोघांना कोट घालूनच निजवी. त्याच हिंवाळ्यांत शाळेंतील दुधाच्या बाटल्या गोठून वर बर्फाची टोपी येई. हें दूध प्रत्येक मुलास दररोज पाइंटाचा तिसरा हिस्सा, १९४६ पासून फुकट मिळूं लागलें होतें. गोदी कामगाराचें पोर असो कीं डॉक्टरांचें, बाटली तीच.

५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. मंत्री ॲन्युरिन बेव्हन यांचें नांव आमच्या घरीं संतांच्या खालोखाल घेतलें जाई, याचें कारण आईचा चष्मा. आईला चार वर्षें प्रार्थनापुस्तकांतलीं अक्षरें दिसत नव्हतीं, आणि ती तें पाठ म्हणत असे. आम्हांला वाटे ती वाचते. चष्मा आल्यावर पहिल्याच रविवारीं तिनें पुस्तक उघडलें व एका प्रार्थनेंतील एक शब्द आपण इतकीं वर्षें चुकीचा म्हणत होतों, असें तिला कळलें. ती बराच वेळ हंसत राहिली.

हीच आई चहांत साखर घेत नसे. "मला आवडत नाहीं," असें म्हणे. १९५३ च्या सप्टेंबरांत साखरेवरील रेशन उठलें, त्या आठवड्यांत तिनें आपल्या चहांत तीन चमचे साखर घातलेली आम्हीं पाहिली. कोणीं कांहीं बोललें नाहीं.

या साखरेविषयीं एक नवीन गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२४ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत एक संशोधन प्रसिद्ध झालें. ज्या ब्रिटिश माणसांचा गर्भवास व पहिलीं दोन वर्षें साखरेच्या रेशनांत गेलीं, त्यांच्यांत पुढील आयुष्यांत मधुमेहाचें प्रमाण सुमारें ३५ टक्क्यांनीं व रक्तदाबाचें सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळलें. आमचा जन्म वसईचा, त्यामुळें हा लाभ आमचा हुकला. आमचा मधुमेह वक्तशीर हजर आहे.

जुन्या दिवसांविषयीं बोलणारीं माणसें जमलीं म्हणजे दोन वाक्यें हमखास निघतात, मग ती बैठक पॉपलरमध्यें असो वा वसईंत. एक, तेव्हां दाराला कुलूप लावावें लागत नसे. दुसरें, शेजारी म्हणजे घरचींच माणसें. पहिलें वाक्य आम्हीही साक्षीपूर्वक सांगूं. आमच्या गल्लींत चाळीस घरें होतीं आणि दिवसा एकाही दाराला कुलूप नसे. दुसऱ्याविषयीं मात्र आज खरें बोलावयाचें आहे. आम्हांला त्या माडीवरच्या खोल्या मिळण्यापूर्वी वडिलांनीं दारोदार किती फेऱ्या मारल्या, आणि त्यांचा रंग पाहून "खोली आत्तांच गेली" हें वाक्य त्यांनीं किती वेळां ऐकलें, तें ते कधीं मोजून सांगत नसत. शाळेच्या वाटेवर आम्हांला ज्या नांवांनीं हांका मारीत तीं या पवित्र प्रसंगीं उच्चारण्यासारखीं नाहींत. पण आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट याहून निराळी आहे. तींत दोष दुसऱ्यांचा नाहीं.

शेजारच्या घरीं तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत. जन्मभर त्यांनीं गोदींत कोळसा उतरविला होता व छातींत तोच भरून घेतला होता. आई त्यांचा उल्लेख ‘आजोबा’ असा करी, म्हणून आम्हीही त्यांना तोंडावर तेंच म्हणूं लागलों. त्यांना तें आपणांस दिलेलें एखादें हिंदुस्थानी टोपणनांव वाटे व तें त्यांना फार आवडे. गोळ्या-चॉकलेटांवर तेव्हां रेशन होतें. १९४९ च्या एप्रिलांत तें एकदां उठविलें, पण देशभर दुकानें अशीं ओस पडलीं कीं ऑगस्टांत पुन्हां लावावें लागलें. आजोबा स्वतः गोड खात नसत. ते आपलें पुस्तक आम्हांस देत, आम्ही त्यावर त्यांच्या हिश्श्याच्या गोळ्या आणीत असूं आणि मोबदला म्हणून त्यांचा कोळसा तळघरांतून वर आणून देत असूं व वर्तमानपत्र वाचून दाखवीत असूं. आमचें इंग्रजी शाळेंत जितकें सुधारलें त्याहून अधिक त्या शेगडीपाशीं सुधारलें.

१९५२ सालीं ५ डिसेंबर रोजीं, शुक्रवारीं, लंडनवर धुकें उतरलें. वारा पडला होता, थंडी कडक, आणि लाखों शेगड्यांतून हलक्या प्रतीचा कोळसा जळत होता, कारण चांगला कोळसा परदेशीं विकून देशाचें कर्ज फेडावयाचें होतें. धूर वर जाईना. धुकें प्रथम पिवळें झालें, मग काळपट. कंडक्टर हातांत दिवा घेऊन बसपुढें चालत, आणि पुढें बसगाड्याच बंद झाल्या. घराच्या आंतही जिन्याच्या टोंकावरचा दिवा दिसत नसे. नाक पुसलें तर रुमाल काळा. आम्हां मुलांना ही मोठीच मौज वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

आजोबांचा खोकला नोव्हेंबरापासून वाढला होता, म्हणून आई रोज संध्याकाळीं आमच्या हातीं त्यांना सूप पाठवी. शुक्रवारीं आम्हीं तें नेलें, शनिवारींही नेलें. शनिवारीं ते म्हणाले, "जरा बस, वर्तमानपत्र वाच." आम्हीं सांगितलें, "उद्यां येतों." रविवारीं धुकें सर्वांत दाट. आई स्वतः खोकत पडली होती. तिनें सूप भांड्यांत भरून दिलें. आम्ही जिना उतरलों, दार उघडलें. भिंतीला हात लावून वीस पावलें जावयाचें होतें. भीति वाटली, आणि खरें सांगावयाचें तर भीतीपेक्षां कंटाळा अधिक वाटला. दार लावून घेतलें, जिन्यावर बसून तें सूप पिऊन टाकलें, आणि थोडा वेळ जाऊं देऊन आईला सांगितलें कीं, पोंचविलें. सोमवारीं आईनें विचारलें, आज कसे आहेत? आम्ही म्हणालों, बरे आहेत.

मंगळवारीं, ९ डिसेंबरला, धुकें उठलें. गवळ्याला आजोबांच्या दाराशीं तशाच पडलेल्या दुधाच्या बाटल्या दिसल्या, तेव्हां गल्लीला कळलें. ते केव्हां गेले हें कोणास सांगतां आलें नाहीं. आमचें सूप पोंचलें असतें तर ते वांचले असते असें नाहीं. पण हें आम्हांला कोणा डॉक्टरांनीं सांगितलेलें नाहीं. सत्तर वर्षें आम्हीच तें स्वतःला सांगत आलों आहों. त्या धुक्यांत सुमारें चार हजार माणसें मेलीं असा पहिला अंदाज होता. पुढील संशोधनांत तो आंकडा बारा हजारांपर्यंत गेला. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. बारा हजारांत एक आजोबा. दोन दिवस त्या दाराशीं चाळीस घरांतून कोणी गेलें नाहीं, आणि त्या दारालाही कुलूप नव्हतें.

पुढचीं वर्षें लवकर सांगून टाकतों. २ जून १९५३ रोजीं राणीचा राज्याभिषेक झाला; तो आम्हीं एका शेजाऱ्याकडे, पाटीएवढ्या पडद्यावर, तीस माणसांत दाटीवाटीनें बसून पाहिला. त्याच सकाळीं एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली. इंग्रज शेजारी हिलरीचें नांव घेत होते, वडील तेनझिंगचें. ४ जुलै १९५४ रोजीं मांसावरील रेशन उठलें आणि चौदा वर्षांचें तें प्रकरण संपलें.

आतां आजचें. बहीण अद्यापि लंडनलाच असते. २०२३ सालीं आम्ही तिच्याकडे राहून आलों. वेस्ट इंडिया गोद्या १९८० सालींच बंद पडल्या. तेथें आतां कॅनरी वॉर्फचे बँकांचे मनोरे उभे आहेत. आमची गल्ली नाहीं. बाजार आहे. हवा इतकी स्वच्छ कीं आजोबांस दाखवावीशी वाटली. दुकानांत बाराही महिने आंबा मिळतो आणि केळें हें सर्वांत स्वस्त फळ झालें आहे. मुलें मोकळ्या जागेंत दिसलीं नाहींत. तीं घरांत, हातांतल्या पडद्यापाशीं होतीं. याबद्दल आमच्या वयाचीं माणसें फार हळहळतात. पण आमच्या क्रीडांगणांत न फुटलेले बॉंबही सांपडत असत, हें तीं विसरतात.

आजचीं माणसें कोरडीं झालीं आहेत, असेंही आम्हांस म्हणवत नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत बहिणीच्या शेजारचा एक बंगाली मुसलमान तरुण तिचीं औषधें आणून देई व रोज सकाळीं दार वाजवून, मागें सरून, ती उघडीपर्यंत उभा राही. तो एकही दिवस चुकला नाहीं. आम्ही वीस पावलें चाललों नव्हतों.

मग बदललें काय? तें आम्हांला एका चर्चच्या सभागृहांत दिसलें. बहीण तेथें आठवड्यांतून एकदां अन्नपेढीच्या कामाला जाते. गरजूंना तीन दिवसांचें धान्य व डबे तेथें फुकट देतात. अशा अन्नपेढ्यांचें सर्वांत मोठें जाळें चालविणाऱ्या ट्रसेल ट्रस्टनें २०२३-२४ या एका वर्षांत ३१ लाखांहून अधिक पिशव्या वांटल्या. आम्ही एका कोपऱ्यांत बसून पाहत होतों. एक आई आपल्या आठनऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा दाराबाहेरच थांबला. वर्गांतलें कोणी रस्त्यानें जात नाहीं ना, हें पाहून मग पटकन् आंत शिरला. आम्ही आठ वर्षांचे असतां रोज रांगेंत उभे राहिलों, आणि आम्हांला कोणीं पाहूं नये असें एकदांही वाटलें नाहीं. कारण पाहणाराही रांगेंतच असे. रेशनचें पुस्तक राजवाड्यांतही होतें.

म्हणून आमचें मत असें बनलें आहे कीं, त्या काळचीं माणसें आजच्यापेक्षां चांगलीं नव्हतीं. त्या काळचे वांटपाचे नियम चांगले होते. जेथें नियम पोंचला तेथें दूध, रस, चष्मा सर्वांस मिळाला. जेथें सगळें शेजारधर्मावर सोंपविलें होतें तेथें काय झालें तें आम्हीं सांगितलेंच. शाळेंतलें तें दूध १९७१ सालीं सात वर्षांवरील मुलांचें बंद झालें. ज्या आरोग्य सेवेनें आईला चष्मा दिला, तिच्याकडे इंग्लंडांत उपचारासाठीं थांबलेल्या प्रकरणांची यादी २०२३ सालीं पंचाहत्तर लाखांच्या वर गेली होती. तेथें नोकरीस गेलेलीं आपल्याकडील मुलेंमुली या सभेंतही अनेकांच्या घरचीं आहेत. तीं आम्हांपेक्षां हें अधिक जाणतात.

आजोबांचें शिधापुस्तक त्या आठवड्यांत आमच्याकडेच होतें. माणूस गेल्यावर तें कचेरींत परत करावें लागे. आईनें आम्हांस बरोबर नेलें आणि खिडकीपाशीं तें आमच्या हातांत देऊन म्हणाली, "तूंच दे." खिडकीतल्या बाईनें विचारलें, "तुझे कोण लागतात?" आम्हीं सांगितलें, "आजोबा." तिला तो शब्द कळला नाहीं. तिनें पुस्तक घेतलें व शिक्का मारला. गोळ्यांचीं कांहीं कुपनें त्यांत तशींच होतीं. ५ फेब्रुवारी १९५३ रोजीं गोळ्या-चॉकलेटांवरील रेशन कायमचें उठलें, आणि सारी शाळा दुकानाकडे धांवली.

आईला सुपाची गोष्ट आम्हीं शेवटपर्यंत सांगितली नाहीं. हें भाषण लिहून झाल्यावर, सभेंत वाचण्यापूर्वी निदान बहिणीस तरी सांगावें, म्हणून परवां तिला फोन केला व तो भाग वाचून दाखविला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, त्या जिन्यावर मीही होतें. अर्धें सूप मी प्यालें. तूं मला वगळलेंस कां?"